तापलेला पाइप
परवा अमरावतीत गच्चीवरचा जुना अँटेना भंगारात देताना तापलेल्या पाइपाचा चटका बसला आणि अकोटजवळच्या आमच्या गावातली रविवारची एक दुपार आठवली. गावातला पहिला टीव्ही मालकांच्या वाड्यात आला होता. वायरिंगची कामं करणारे माझे बाबा अँटेना फिरवायला भर उन्हात त्यांच्या माडीवर चढले होते आणि आतलं वर ओरडून सांगायला मी खिडकीबाहेर उभी होते, कारण आमच्या वस्तीतल्यांना त्या घरात घेत नसत. “आलं काय?” बाबा वरून विचारायचे. “मुंग्याच हायेत!” मी ओरडायची. शेवटी मुंग्या गेल्या, माणसं दिसली. पण बाबांचा हात सुटला की चित्र पुन्हा जायचं. मालक म्हणाले, “बापाले सांग, तसाच धरून राय.” मी सांगितलं आणि खिडकीच्या गजांना नाक लावून अख्खा सिनेमा पाहिला. बाबा उतरले तेव्हा त्यांचे तळहात भाजले होते. “काय दाखवलं व माय?” त्यांनी हौसेनं विचारलं, आणि मीही घरापर्यंत सगळी गोष्ट रंगवून सांगितली. त्या मालकांना मी आजही शिव्या घालते. पण सिनेमा चालू असताना बाबांनी दोनदा विचारलं होतं, “सोडू काय?” आणि दोन्ही वेळा आत कुणालाही न विचारता मीच ओरडले होते, “नोको!”