लंडनला गेलेले पासपोर्ट

नवऱ्याला मी तोंडावर कायम अहो-जाहो केलं. इथे लिहिताना मात्र तो 'तो'च. मान होता, तो त्यानं सौदीतल्या खोबरच्या त्या हिवाळ्यात घालवला.

नव्वदच्या ऑगस्टात इराकच्या हातात कुवेत पडल्यापासून आमच्या कंपाउंडमधल्या बायकांच्या तोंडी एकच विषय, पोरांना घेऊन घरी कधी निघायचं. आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरलेला असायचा एका कॅरिबियन बेटाचा नकाशा. त्या बेटाचं नाव मी आजही घेत नाही. एप्रिलच्या रजेत आम्हा दोघींना घेऊन हा तिथे इंग्रजांचे किल्ले बघणार होता. किल्ले, तोफांची टेकडी, उसाच्या मळ्यातली जुनी पवनचक्की, गुलामांना उतरवायचे तो धक्का. कुठल्या दिवशी काय बघायचं, किती वाजता गेलं की ऊन पाठीवर येतं आणि फोटो चांगला निघतो, सगळं ऑफिसच्या ग्राफपेपरवर आखलेलं. आणि हा नाशिकचा माणूस जन्मात रायगड चढला नव्हता. विचारलं की म्हणायचा, "तिथे पायऱ्या फार आहेत."

मी म्हणायचे, "अहो, रस्त्यावरून रणगाडे चाललेत. आधी आमच्या एक्झिटचं बघा."

"काही होत नाही गं. अमेरिका बसलीय ना इथे."

इराकला कुवेत सोडायला दिलेली जानेवारीची मुदत जवळ आली तसं कंपाउंड रिकामं व्हायला लागलं. शेजारची वहिनी रत्नागिरीकडची. तिच्या नवऱ्यानं कफीलच्या, म्हणजे सगळ्यांचे पासपोर्ट ठेवून घेणाऱ्या सौदी मालकाच्या, ऑफिसातून त्यांचे पासपोर्ट सोडवले. मी त्याला म्हटलं, भाऊ, जाताच आहात तर आमच्या पासपोर्टांचंही विचारून या. तो परत आला आणि दारातच घुटमळत म्हणाला, "ताई, तुमचे तिथं नाहीत. तुमच्या साहेबांनी नोव्हेंबरातच नेलेत."

नवरा कामावरून आल्या आल्या विचारलं. नकाशाच्या घड्या घालत म्हणाला, "त्या बेटाची वकिलात सौदीत नाही. व्हिसासाठी लंडनला पाठवलेत. येतील की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कफीलच्या कपाटातून आपला स्वतःचा पासपोर्ट हातात मिळवायचा म्हणजे अर्ज, शिक्के, खेटे. ते सगळं यानं केलं होतं. बायको-पोरीला घरी पोचवायला नाही, पवनचक्की बघायला. वर दोन महिने मला चकार शब्द नाही.

वहिनी म्हणाली, "पोरगी दे माझ्याबरोबर. मुंबईला तुझ्या भावाच्या हातात देते." मुलगी सहा वर्षांची. पण तिचं नाव माझ्याच पासपोर्टात चढवलेलं, तिचा असा वेगळा कागद नव्हताच. वहिनीची गाडी फाटकाबाहेर गेली तेव्हा लेक खिडकीतून तिच्या मुलांना हात करत होती. ते मी त्याला कधीच माफ केलं नाही.

लढाई सुरू झाली. विषारी गॅसच्या भीतीनं बेडरूमच्या खिडक्यांना आम्ही चिकटपट्ट्या लावल्या, दाराखाली ओले टॉवेल कोंबले. मास्क मिळाले ते दोन, मोठ्यांच्या मापाचे. लेकीच्या तोंडावर ते बसेनात. सायरन झाला की मी तिच्या नाकावर ओला नॅपकिन धरायचे आणि माझा मास्क बाजूला ठेवायचे. तो आपला लावून बसायचा. एकदा मास्कच्या आतून म्हणाला, "लावून घे तूपण, उगाच तमाशा नको." असा राग आला मला, की क्षणभर बाहेरच्या सायरनचाही विसर पडला.

पासपोर्ट आले मार्चमध्ये. तेव्हा लढाई संपली होती. कुवेतच्या तेलविहिरी जळत होत्या आणि आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसत होती. व्हिसाचा शिक्का झक्क उठलेला. तो खूश. लगेच नकाशा उलगडून बसला. "एप्रिल अजून हातात आहे."

त्या नकाशावर मी खुरूज निहाईचा फॉर्म ठेवला, सौदी कायमचं सोडायचा. नवऱ्याच्या सहीशिवाय बायकोला देशाबाहेर पडता येत नव्हतं.

"अगं, आता सगळं खलास झालं. आता कसली भीती?"

"सही करा," मी म्हटलं. पेन शोधण्यात त्यानं बराच वेळ काढला, मग केली.

पुण्याला माहेरी पहिल्याच सकाळी आईनं कुकर लावला. शिट्टी झाली तशी लेक टेबलाखाली शिरली, फ्रॉकचा घेर नाकावर दाबून. आई हसली. "कसला गं हा खेळ?" मी जाऊन गॅस बंद केला.

मे महिन्यात त्याचं कार्ड आलं. एकटाच जाऊन आला होता. पुढच्या बाजूला समुद्राकडे तोंड केलेली तोफ, मागे त्याचं बारीक अक्षर. 'ठरवलेलं सगळं पाहून झालं.' लेकीनं ते माझ्या हातातून घेतलं, तोफेवरून बोट फिरवलं. खोबरच्या शाळेतली हिंदी अजून तिच्या तोंडातून गेली नव्हती.

"वहाँ भी वॉर है? पापा के पास मास्क है ना?"

"आहे," मी म्हटलं. "त्याच्याकडे आहे."