आप्पांच्या डोक्याचा फोटो

मेंदूचे फोटो काढण्यात माझी अर्धी नोकरी गेली. पण ते सगळे मेंदू पुण्यातले, आणि त्यातले बरेचसे प्राध्यापकांचे. परदेशातल्या परीक्षकांनी आमच्या शोधनिबंधावर शेरा मारला की भारतात शेतकरीही असतात असं ऐकतो. म्हणून एका सकाळी मी शेतकऱ्यांचे मेंदू शोधायला निमोण्याला निघाले.

कोरेगाव भीमा सुरळीत मागं पडलं. शिक्रापूरला मात्र ट्रकांच्या रांगेत गाडी अशी अडकली, की मी उतरून भजी खाऊन आले तरी ड्रायव्हर जागच्या जागी होता. पुढं रस्ता मोकळा झाला. दोन्हीकडं ऊस, मधूनच झेंडूचे पिवळे पट्टे.

निमोण्याच्या देवळात म्हातारी मंडळी जमली होती. मी स्मरणशक्तीवरचं माझं काम आणि मेंदूचे फोटो काढणारं एमआरआय यंत्र समजावून सांगितलं. एकानं विचारलं, "ह्यात मनातलं दिसतंय का?"

"नाही. मेंदूत रक्त कुठं जास्त जातं, तेवढं दिसतं."

सभा उठली. निवडणूक तोंडावर आली होती. कोण कुणाला मत देणार हे न सांगणाऱ्या यंत्राचा गावाला काय उपयोग?

एक जोडपं तेवढं बसून राहिलं, कांताकाकू आणि त्यांचे यजमान आप्पा. काकूंनी मला घरी नेऊन माळव्याचं (भाजीपाल्याचं) कालवण आणि बाजरीची भाकरी वाढली.

"हे मोटर चालू करत्यात आन् इसरत्यात," त्या म्हणाल्या. "खरंच आठवत न्हाई, का मला तरास द्यायला नाटक करत्यात, येवढं बघा."

"मला आठवत न्हाई," आप्पा शांतपणे म्हणाले.

"तुम्ही गप बसा. मशिनीला सांगू द्या."

सगळ्यात जवळचं यंत्र दौंडला, एका खाजगी तपासणी केंद्रात होतं. न्हावऱ्यावरून, भीमेचा पूल ओलांडून आम्ही तिथं पोचलो. आत धातू चालत नाही, म्हणून आप्पांनी लग्नापासून अंगावर असलेला चांदीचा करदोडा नाइलाजानं काढून दिला. यंत्रात पडल्या पडल्या चित्रं बघायची, ओळखीचं दिसलं की बटण दाबायचं, एवढाच प्रयोग. यंत्राच्या ठणठणाटात भलेभले घाबरतात. आप्पा घोरू लागले. प्रत्येक घोरण्याला डोकं हलत होतं, त्यामुळं माझा प्रयोग बाद झाला.

आधी काढलेला मेंदूच्या रचनेचा फोटो मात्र स्पष्ट आला होता. काकूंची शंका मी तिथल्या डॉक्टरीणबाईंना सांगितली होती; त्यांनी काकूंना आत बोलावून तो दाखवला.

"हा आठवणींचा भाग. आक्रसलाय. हा आजार आहे, नाटक नाही. पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा."

काकू पडद्याकडं बघत राहिल्या. "म्हंजी मी ह्यांना उगाच बोलत हुते."

आप्पा करदोडा बांधत म्हणाले, "मी सांगत हुतोच की. पर मी काय मशीन हाय व्हय?"

परतताना पुण्याहून आमच्या साहेबांचा फोन आला. "प्रयोगाचे फोटो वापरता येतील?"

"नाही सर. झोपले ते."

"म्हणजे फेरी फुकट."

मी हो म्हटलं. हिशेबानं ते खरंच होतं. माझ्या फोटोंचे दाखले इतरांनी त्यांच्या शोधनिबंधांत दिले, माझी बढतीही त्यांवरच झाली. पण त्यातल्या एकानंही कुणाच्या बोलण्याचा सूर बदललेला मला माहीत नाही.

मागच्या सीटवरून आप्पांनी विचारलं, "कुठं निघालोय आपण?"

"घरी," काकू म्हणाल्या.

न्हावरं येईतो त्यांनी तेच कितीदा तरी विचारलं. काकूंनी दर वेळी, पहिल्यांदाच विचारल्यासारखं, सावकाश सांगितलं, "घरी."