थांबा की, डॉक्टर

सोमवार, जुलैचा दुसरा आठवडा. सरावाच्या रबरी पेशंटचं, म्हणजे पुतळ्याचं, अंग पुसून ठेवलं. उद्या नवी मुलं येणार. त्याचं मनगट पुसताना ठरवलं, आज लिहायचंच. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही.

मी कोल्हापुरात नर्सिंगच्या मुलींना शिकवते. सरावाच्या खोलीत होणारे डॉक्टर आणि होणाऱ्या नर्सेस मिळून त्या पुतळ्यावर उपचार करतात. मी काचेमागे माइकवर बसून त्याच्या वतीनं कण्हते. धडा एकच — चूक ज्याला दिसेल त्यानं तिथल्या तिथं बोलायचं, मोठा-लहान बघायचं नाही. सोपा आहे, नाही का?

पेठ वडगावची सुनंदा तो पहिल्याच दिवशी शिकली. शेतकऱ्याची मुलगी, आवाज बांधावरून हाक मारल्यासारखा. डॉक्टरचं काम करणाऱ्या पोरानं पेनिसिलिन सांगितलं आणि ही ओरडली, "थांबा की, डॉक्टर. ह्यास्नी ते चालत न्हाय." पुतळ्याच्या मनगटावर पेनिसिलिनच्या ॲलर्जीची पट्टीच होती. तिचं बरोबर होतं.

नंतरच्या चर्चेला मेडिकलचे एक मोठे सर बसले होते. "काय हो मॅडम, मंडई भरवलीय का इथं?" सगळे हसले. आणि मी? मीही हसले. वर म्हणाले, "सुनंदा, डॉक्टरांवर आवाज चढवायचा नाही. बाजूला घेऊन हळू सांगायचं." सरांनी मान डोलावली. मला बरं वाटलं — हेही लिहिते.

पुढे खऱ्या वॉर्डात तेच घडलं. इचलकरंजीचा एक माग कामगार, मनगटावर तशीच पट्टी, तेच इंजेक्शन. सुनंदा ओरडली नाही. हळू सांगायला गेली; डॉक्टरांनी हातानंच बाजूला केलं. मग ती मला शोधत कॅन्टीनपर्यंत पळत आली. आम्ही वर पोचेतो तो माणूस निळा पडला होता. वाचला — कसाबसा.

चौकशीत तिला विचारलं, जागच्या जागी का थांबवलं नाहीस? तिनं माझ्याकडे पाहिलं. बोलले मी, अगदी स्पष्ट आवाजात — "आम्ही तर बोलायलाच शिकवतो, सर."

तिला काढून टाकलं. आता शाहूपुरीत कापडाच्या दुकानात असते. मी पलीकडच्या रस्त्यानं जाते.

मंगळवार. सकाळी पुतळ्याच्या मनगटाला नवी पट्टी बांधली. मुलींना धडा सांगितला. एकीनं विचारलं, "मॅडम, आणि डॉक्टर रागावले तर?"

मी काचेमागे गेले, माइक चालू केला आणि कण्हायला लागले.