गळतीबाईंचे हातमोजे

कारखान्यात त्यांना सगळे गळतीबाई म्हणत. नाव काही शोभिवंत नव्हतं, पण कामच तसं होतं. कंडोम बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या तपासणी खोलीत त्या बारा वर्षं उभ्या होत्या. प्रत्येक खेपेतले काही नग टांगायचे, तीनशे मिली पाणी भरायचं, मिनिटभर बघायचं आणि मग टीपकागदावर लोळवायचे. कागदावर ओला ठिपका उमटला की नग बाद. बाद नग जास्त झाले की अख्खी खेप बाद. सुईच्या टोकाएवढं भोकसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. कितीतरी अनोळखी जोडप्यांना सुखाची झोप लागायची ती गळतीबाईंच्या डोळ्यांच्या भरवशावर.

घरी मात्र त्या हातमोज्यांच्या कारखान्यात होत्या. हा शोध नवऱ्याचा. "चार लोकांत काय सांगणार? हातमोजे म्हण. रबर ते रबरच." चार लोकांनी मान डोलावली आणि पाचवी निघाली नणंद. "मग दोन जोड आण की गं, भांडी घासायला!" झालं! तेव्हापासून गळतीबाई दुकानातून हातमोजे विकत घ्यायच्या आणि कारखान्याचे म्हणून नातेवाइकांत वाटायच्या. अब्रू काय फुकट राहते?

नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. पंधरा-पंधरा दिवस बाहेर, आणि घरी आला की राजा. या राजाला बायकोने पारखलेला माल कधी चालला नाही. "घरच्या माणसाशी कसला पडदा?" हे त्याचं तत्त्वज्ञान. त्यापायी गळतीबाईंची दोन बाळंतपणं झाली, तिसऱ्या वेळी गर्भपात करून घ्यावा लागला, मग वर्षानुवर्षं गोळ्या. तत्त्वज्ञान त्याचं, मळमळ यांची.

एकदा त्यांना ओटीपोटात दुखायला लागलं, लघवीला आग व्हायला लागली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं, "संसर्ग आहे, संबंधातून येणारा. औषधाने बरा होईल. पण नवऱ्यानेही औषध घ्यायला हवं, नाहीतर तुम्ही बऱ्या व्हाल आणि ते पुन्हा देतील. दोघांचं औषध संपून आठवडा होईपर्यंत लांब राहायचं. पुढे कंडोम. माहीत आहे ना काय असतं?"

"तेच तपासते मी," गळतीबाई म्हणाल्या. "बारा वर्षं."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

नवरा घरी आला तेव्हा त्यांनी त्याच्यापुढे कागद ठेवला. त्याने तो उलटासुलटा वाचला आणि निदान करून टाकलं, "हे तुझ्या त्या कारखान्यातूनच आलं असणार."

"कारखान्यात रबर वाळतं. रोग वाळत नाहीत," गळतीबाई म्हणाल्या. "कुठून आणलात?"

"माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"बारा वर्षं पाणी भरून बघतेय मी. न बघता विश्वास ठेवायची सवयच मोडली."

त्यांनी त्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं. राजेसाहेबांनी तीन दिवस तोंड फुगवलं. चौथ्या दिवशी त्यांनाही आग व्हायला लागली, तेव्हा निमूटपणे दवाखान्याची वाट धरली. गोळ्या घेऊन परत आले ते नवी तक्रार घेऊनच.

"औषध घेतो. पण ते दुसरं जमणार नाही. मला होत नाही ते. लहान पडतं."

गळतीबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी ताट बाजूला सारलं. "आमच्याकडे हवेचं मशीन आहे. एकेका नगात हवा भरतं. फुटायच्या आधी तो गव्हाच्या पोत्याएवढा होतो. तुमचं त्याहून मोठं असेल तर सांगा, साहेबांना कळवते. नवा साचा करतील."

पलीकडच्या खोलीतून कुणीतरी फिसकन हसलं. सासूबाई! दाराशी येऊन त्या उभ्या राहिल्या. नवऱ्याला धरणी दुभंगली तर बरं, असं झालं.

"आई, तू जा आत. हे हातमोज्यांचं चाललंय."

"अरे, गप्प बस! हातमोज्याला पाच बोटं असतात एवढं कळतं मला. हिच्या ओढणीत अडकून एकदा एक घरी आला होता. मी धुऊन, वाळवून परत तिच्या पिशवीत ठेवला." मग त्या सुनेकडे वळल्या. "सात वेळा बाळंत झाले मी. चार जगली. तेव्हा कुणी असलं काही आणून दिलं असतं, तर मी पाया पडले असते त्याच्या. आणि या शहाण्याला घरबसल्या मिळतंय, तर लहान पडतं म्हणे!"

पुढच्या तपासणीत दोघंही निर्मळ निघाले. गळतीबाईंच्या वर्षानुवर्षांच्या गोळ्या बंद झाल्या आणि नवऱ्याला माप अगदी नीट बसलं. आता तर ट्रकतळावर तो इतर ड्रायव्हरांना प्रवचन देतो. तारीख बघून घ्या, पाकिटात दाबून ठेवू नका, दाताने फोडू नका, एकदा वापरलेलं पुन्हा नको. जणू शोध यानेच लावला!

"कुठून आणलात?" याचं उत्तर मात्र त्याने अजून दिलेलं नाही. गळतीबाई दर महिन्याला एकदा विचारतात, जेवायला वाढताना, अगदी शांतपणे. घास त्याच्या घशात अडकतो. मग त्या पाण्याचा तांब्या पुढे सरकवतात आणि कामावर निघून जातात. नणंदेने परवा पुन्हा हातमोजे मागितले, तेव्हा त्यांनी सरळ सांगून टाकलं, आपण कशाच्या कारखान्यात कामाला आहोत ते. नणंद क्षणभर लाजली, आजूबाजूला कुणी नाही असं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मग तेच दे ना दोन पाकिटं."