चंपीचा रविवार

भूतखेत, अंगात येणं, कौल... आपला विश्वास शून्य. परंड्याच्या किल्ल्यावरची तोफ आपोआप उडाली तरी मी आधी विचारीन, बत्ती कुणी दिली? तरी हे लिहितोय, कारण डोकं अजून तापलेलं आहे.

आमचं गाव भैरोबाच्या सोनारीपासून जवळच. घरासमोर भैरोबाचं छोटं देऊळ आणि त्याच्या पायरीवर दुपारभर पसरणारी आमची म्हातारी कुत्री, चंपी. नसबंदी होऊन जमाना झाला — तिची शेवटची पिल्लंही आता आजोबा झाली असतील. एका रविवारी ती उठली, तर शेपटीखाली आणि पायरीवर रक्त. ताजं, लालभडक. मला तर अख्खी सीना नदी लाल दिसली.

सोमवारी तालुक्याला डॉक्टरकडे नेली. सोनोग्राफी झाली... काही नाही. रक्ताचा थेंबही नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. रविवार भैरोबाचा वार, कुत्रं त्याचं वाहन — झालं. शेजारच्या अण्णांनी जाहीर केलं, हा देवाचा कौल. नसबंदी झालेल्या कुत्रीला उगाच रक्त जातं का? लोक नारळ फोडायला लागले. चंपी थरथरत होती, तिला पाणी कुणी विचारीना. मी उचलायला गेलो तर अण्णांनी हात धरला. दवाखान्यात नेलीस तर देव कोपेल म्हणे. वर ते रक्त बोटावर घेऊन स्वतःच्या कपाळाला टिळा लावला.

माझी बायको सुनीता दारातून बघत होती. तिची पाळी होती; सकाळीच अण्णांनी तिला पायरीपासून हाकललं होतं. ती सरळ पायरीवर चढली.

"अण्णा, माझा तो विटाळ, आन् चंपीचा कौल व्हय?"

अण्णांचा हात कपाळापाशीच अडकला — टिळा पुसावा का ठेवावा? सुनीतानं चंपीला पदरात उचललं आणि मला म्हणाली, "गाडी काढा."

डॉक्टरला सुट्टीचं घरातून उठवलं. या वेळी रक्त त्यानं डोळ्यांनी पाहिलं. जखम नाही, गाठ नाही, लघवी साफ, गर्भाशय तर कधीच काढलेलं. "कुठून येतंय, मला सांगता येत नाही," म्हणाला. निदान खोटं तरी बोलला नाही.

त्यानंतर रक्त आलं नाही. अण्णा गावभर सांगतात, सुनीतानं विटाळ कालवला म्हणून देव रुसला. चंपी वाचली, त्याचं कुणाला काही नाही. रक्त का आलं, का थांबलं... मला आजही ठाऊक नाही. पण दर रविवारी, पाळी असो नसो, सुनीता त्याच पायरीवर बसते — चंपीचं डोकं मांडीवर. अण्णा लांबूनच हात जोडतात. देवाला का तिला, तेही कळलेलं नाही.