गॅलरीतलं रिजेक्शन

पप्पा चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. डाग दिसला की पार्ट रिजेक्शनच्या लाल क्रेटमध्ये टाकायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. रिटायर झाले तरी नजर काही रिटायर झाली नाही. भाकरी जरा करपली की ती उलटीपालटी करून माझ्याकडे असे बघतात, जणू मी त्यांची सप्लायर आहे.

आई उलट बडबडी. संत तुकाराम नगरपासून पिंपरीला जाईपर्यंत रिक्षावाल्याची अख्खी कुंडली काढायची. पण स्वतःची पोटदुखी मात्र ॲसिडिटीच्या गोळ्यांवर ढकलत राहिली. आम्हाला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

ती गेल्यावर मसाल्याच्या डब्यामागे तिच्या माहेरच्या गावरान टोमॅटोचं चिमूटभर बी सापडलं. पप्पांनी सगळं गॅलरीतल्या कुंडीत पेरलं आणि उगवलं एकच रोप. ते गेलं की आईचं बी संपलं, हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

एके दिवशी मी घरी आले तर रोप अर्धं बोडकं आणि खुडलेली पानं कपड्यांच्या लाल टबात.

"पप्पा, हे काय केलं तुम्ही?"

"रिजेक्शन काढलं. डाग होते बारीक बारीक."

माझं डोकंच फिरलं. झाडं रोगाशी कशी लढतात यावर मी संशोधन करते, आणि माझ्याच गॅलरीत झाडाची हजामत! मी तिथेच त्यांचा तास घेतला. जंतू शिरला की पानातल्या पेशीला ते कळतं. तिच्या आत एक रेणू दुसऱ्याला निरोप देतो, दुसरा तिसऱ्याला. मग ती पेशी स्वतःच मरते, म्हणजे जंतूलाही तिथेच अडकून पडावं लागतं. तो मेलेला ठिपका म्हणजे तुमचा डाग. आणि मरण्याआधी ती बाकीच्या पानांनाही निरोप धाडते, की सावध राहा. तुम्ही पानंच खुडलीत तर निरोप कुठून जाणार, आणि झाड जेवणार कशावर?

पप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे जाणारी शिफ्ट येणाऱ्या शिफ्टला सांगून जाती."

इतकी वर्षं मी जे सेमिनारमध्ये बोंबलत होते ते यांनी एका वाक्यात उरकलं, याचा मला थोडा रागच आला.

त्यानंतर त्यांनी हात मागे बांधून फक्त बघायचं ठरवलं. त्यांना ते किती जड गेलं हे मीच जाणे. उरलेली पानं ठिपक्यांसकट टिकली, वरची नवी स्वच्छ फुटली. शेवटी एक टोमॅटो पिकला, वाकडा आणि देठापाशी तडकलेला.

"डाग आहे हं याला," मी चिडवलं.

"असू दे. पास हाय."

त्यांनी तो चिरला, बी धुतलं आणि ताटलीत पसरलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "झाडाला कळतंय. मग तिनं कामून नाही सांगितलं?"

आईचा भयंकर राग आला आणि रडूही आलं. पप्पा बोटाने एकेक बी वेगळं करत राहिले.

"तुला काही दुखलं तर लगेच सांगत जा."

"तुम्हीपण."

त्यांनी शेवटचं बी ताटलीच्या कडेला सरकवलं.

"गुडघा दुखायलाय," ते म्हणाले. "लय दिवस झाले."