दीड वाजताची सुई

शेठनी माझी डबी चिमटीत धरून वर उचलली. मेलेली पाल उचलतात तशी. दुपारची वेळ, दुकानात चार गिऱ्हाइकं. मी गादीच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसले होते. पदर नुकताच पोटावर सारखा केला होता.

"ये क्या चालू है गादीपे? नशापाणी करती का तू?"

"इन्सुलिन हाय शेठ. मला शुगर हाय."

"शुगर?" शेठ गिऱ्हाइकांकडं बघून हसले. "ये तो बैठके खानेवालों की बीमारी. तुला कशी झाली गं? मेंढरामागं पळणारी माणसं तुम्ही."

तिघं हसले. चौथी बाई हसली नाही. तिनं मांडीवरची साडी पटकन मागं ओढून घेतली.

"हे संडासात जाऊन टोचायचं. इथं लक्ष्मी बसती," शेठ म्हणाले.

मी "व्हय शेठ" म्हणाले. आज सांगतानाही अंगाचा तिळपापड होतो. त्या माणसाला मी व्हय म्हणाले, डबी घेतली आणि खाली मान घालून साड्यांच्या घड्या घालत बसले.

गुलमंडीच्या बाजारातल्या त्या साडीच्या दुकानाचा संडास मागच्या बोळात. दोन दुकानांना एकच. कडी मोडलेली. एका पायानं दार दाबून धरायचं, बाटली दातात धरायची, सिरींज भरायची. खाली ठेवायला जागाच नाही. एकदा सुई हातातून निसटून ओल्या फरशीवर पडली. दुसरी नव्हती. तीच पदराला पुसली आणि टोचली. पाच महिने मी रोज दीड वाजता तिथं गेले.

मी मुकुंदवाडीत राहते. नवरा कंपनीत जातो, पोरगी शाळेत. आईबाप फुलंब्रीकडं मेंढरं राखायचे. आमच्या घरात सावलीला बसून कमावणारी पहिली बाई मी. शेठच्या तोंडून मेंढरं निघाली त्याची मला लाज नव्हती. लाज याची वाटली की आपण खरंच काहीतरी चोरून खाल्लंय, असं मला स्वतःलाच वाटायला लागलं होतं.

ते असं झालं. एकतिसाव्या वर्षी मला तहान लागायला लागली. तांब्यावर तांब्या पाणी प्यायचे तरी घसा कोरडा. अंगावरचं मांस उतरलं. ब्लाउज दोनदा आत घेतले. बाया म्हणायच्या, बारीक झालीस, छान दिसतीस. गल्लीतल्या डॉक्टरनं रक्त तपासलं, गोळ्या लिहिल्या आणि म्हणाला, "गोड बंद करा. चालायला जा. वजनावर लक्ष ठेवा."

वजनावर. माझ्या गळ्याखालची हाडं त्याला दिसत होती.

मी चहा सोडला. भात सोडला. पहाटे उठून मुकुंदवाडी स्टेशनपर्यंत जायचे, परत यायचे. साखर वाढतच गेली. डॉक्टर रिपोर्ट टेबलावर टाकून म्हणाला, "पथ्य पाळत नाही तुम्ही. माझ्याशी खोटं बोलून काय मिळणार?" घरी सासूबाईंनी साखरेचा डबा त्यांच्या खोलीत नेऊन ठेवला. मला काही बोलल्या नाहीत. शेजारणीला मात्र बोलल्या, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "खात असंल गुपचूप. त्याशिवाय का?"

चार महिने मी उपाशी राहून चोर ठरले.

मग एका सकाळी उलट्या सुरू झाल्या. श्वास धाप लागल्यासारखा. नवऱ्यानं रिक्षात घातलं एवढं आठवतं. शुद्धीवर आले तेव्हा मोठ्या दवाखान्यात होते आणि एक तरुण डॉक्टरीणबाई माझ्या बोटाला टोचत होती. ती म्हणाली, "हा टाईप वन आहे. बहुतेक वेळा लहान मुलांना होतो, पण मोठ्यांनाही होतो. तुमचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही. त्या गोळ्यांचा उपयोग नव्हता."

"मग माझं काय चुकलं?"

"काहीच नाही," ती म्हणाली आणि पुढच्या कॉटकडं गेली. ते ऐकायला सासूबाई नव्हत्या. गल्लीतला डॉक्टर नव्हता. मी एकटीच होते.

शिकायला मला मुलांच्या विभागात पाठवलं. टाईप वनची माणसं तिथंच येतात म्हणे. भिंतीवर हत्ती, ससे काढलेले. बुटक्या रंगीत खुर्च्या. मी एकीवर बसले तर गुडघे हनुवटीला लागले. शेजारची आई म्हणाली, "तुमचं लेकरू कुठंय?"

"मीच," मी म्हणाले.

तिला कळेना. मग कळलं आणि तिनं मान वळवली. सिस्टरनं मला सशाच्या चित्रांचं पुस्तक दिलं. ससा पोटाला सुई टोचतो, मग गाजर खातो. मोठ्यांसाठीचं पुस्तक नव्हतं. मी तेच घेतलं, त्यातूनच शिकले.

पण मी तिथं दुसरंही बघितलं. प्रत्येक लेकराच्या मागं एक आई, एक बाप, कुठं आजोबा. डॉक्टर खाली वाकून त्या पोरांना सांगायचे, "बाळा, ह्यात तुझी काही चूक नाही." प्रत्येक पोराला. न चुकता. सुई घेतल्यावर टाळ्या वाजवायचे. मला त्या पोरांचा हेवा वाटला. सहा-सात वर्षांच्या, आयुष्यभर सुया टोचून घेणाऱ्या पोरांचा मी हेवा केला. माणूस किती खाली जातो, ते मला माझ्यावरून माहीत आहे. लहानपणी झालं की ती दैवाची चूक. मोठेपणी झालं की बाईची.

आता बस्त्याचा दिवस.

लग्नाचा बस्ता म्हणजे दोन्हीकडची माणसं एकत्र दुकानात येतात, नवरीच्या शालूपासून मानपानाच्या साड्यांपर्यंत सगळं एका बैठकीत घेतात आणि कुंकू लावून बांधून नेतात. चार तास, कधी पाच. आमच्या दुकानाचा नियम होता, ज्या हातानं पहिली घडी उघडली त्याच हातानं शेवटची गाठ मारायची. मधे उठायचं नाही. उठलं की बस्ता मोडतो, गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. आम्ही बायांनी गादीवर खायचं-प्यायचं काही न्यायचं नाही, साडीला डाग पडतो म्हणून. आमच्या पिशव्या मागच्या खोलीत.

मी सुई घेऊन संडासातून बाहेर आले. अर्ध्या तासाच्या आत जेवायचं असतं. शेठ दारातच उभे.

"चल, बैठ. पैठणकडचे पाटील आलेत. मोठा बस्ता हाय."

"शेठ, जेवून येते. सुई घेतलीय."

"पहिली घडी तूच उघड. तुझा हात चांगला हाय."

मला बरं वाटलं. तेही सांगते. ज्या माणसानं संडासात धाडलं त्यानं हात चांगला म्हटल्यावर मी भाकरी विसरून गादीवर बसले.

दहा-बारा माणसं. नवरी चोवीस-पंचवीसची, शिकलेली, शांत. एका बाजूला तिची आई, दुसऱ्या बाजूला होणारी सासू. नवऱ्याचा बाप, म्हणजे पाटील, लोडाला टेकून. मी पहिला शालू उघडला आणि रंग कसा खुलतो ते दाखवायला नवरीच्या खांद्यावर टाकला. तिची बाही वर सरकली. दंडावर पांढरी गोल चकती, रुपयाएवढी. मुलांच्या विभागातल्या तक्त्यावर मी ती बघितली होती. न टोचता साखर सांगते ती. माझ्यासारखीच्या ऐपतीतली नाही.

तिनं झटकन बाही खाली ओढली. मग तिची नजर माझ्या बोटांवर गेली. टोचून टोचून काळे ठिपके पडलेल्या बोटांवर. आम्ही एकमेकींकडं बघितलं.

सव्वादोन झाले. माझे हात थरथरायला लागले. आधी वाटलं पंखा बंद झाला, एवढा घाम. घडी कुठल्या बाजूनं घालायची ते सुचेना.

"शेठ, मी दोन मिनिटं..."

शेठनी नुसते डोळे मोठे केले. म्हणजे बस.

नवरी माझ्याकडं बघत होती. तिला कळलं होतं. सगळ्या दुकानात तिला एकटीलाच कळलं होतं. तिनं पर्स उघडली. आत ज्यूसचा छोटा खोका मला दिसला, वर नळी चिकटवलेली. तिचा हात आत गेला. तेवढ्यात तिच्या आईनं तो हात दाबला.

"काय पाहिजे गं?" होणाऱ्या सासूनं विचारलं.

"काही नाही," नवरी म्हणाली आणि पर्स बंद केली.

त्या चेनचा आवाज मला ऐकू आला. शेठ हसले होते तेव्हा एवढं लागलं नव्हतं. आपलंच माणूस, एकच दुखणं, आणि चेन लावून घेतली.

तेव्हाच व्याह्यांसाठी सरबताचा ट्रे आला. पहिला ग्लास नवऱ्याच्या बापाचा. त्यांनी हात पुढं केला. मी उठले. भर बस्त्यात, शालू मांडीवरून खाली सोडून. तो ग्लास उचलला आणि उभ्यानं घटाघटा प्यायले. मग दुसरा उचलला. तोही प्यायले.

रिकामे ग्लास ट्रेत ठेवले.

"माझी साखर उतरली होती," मी म्हणाले. जीभ जड झाली होती पण आवाज निघाला. "मला टाईप वन डायबेटीस हाय. सुई घेतलीय. जेवू दिलं नाय मला."

सासू सरकून बसली. पण सगळ्यात आधी बोलली ती नवरीची आई. "असली आजारी माणसं कशाला बसवता वो बस्त्याला? आमच्या पोरीच्या लग्नाचं काम हाय."

नवरीनं मान खाली घातली. मला तिच्याकडं बोट दाखवता आलं असतं. एक बाही वर करायला सांगितली असती तर तिथंच सगळं उघडं पडलं असतं. जिभेवर आलं होतं. गिळलं. ते सांगायचा हक्क तिचा, माझा नाही.

मी मागच्या खोलीत जाऊन डबा उघडला. अर्धी भाकरी पोटात गेली तेव्हा दारात नवरी उभी होती. फॉल बघायचा बहाणा करून आली होती.

"ताई, माझ्याकडं ज्यूस होता."

"बघितलं मी."

"सासूबाई बघत होत्या. त्यांना माहीत नाही." ती चौकटीला धरून बोलत होती, मागं वळून बघत. "मला सातव्या वर्षी झालं. लहान होते तोवर सगळे जपायचे. शाळेत बाई स्वतः डबा उघडून द्यायच्या. दहावी झाली आणि आई म्हणाली, आता कुणाला सांगायचं नाही. तुम्हाला कधी झालं?"

"मागल्या वर्षी."

"लग्नानंतर. मग तुमचं बरं झालं."

मला इतका राग आला की भाकरीचा तुकडा हातातच राहिला. "बरं? तुला कुणी म्हणलं का, चोरून काय खाल्लंस? साखरेचा डबा लपवला का तुझ्यापासून?"

"नाही," ती म्हणाली. "मला विचारतात, बरी कधी होणार. अठरा वर्षं विचारतात."

मी तुकडा परत डब्यात ठेवला. मग विचारलं, "लग्न झाल्यावर सुई कुठं घेशील?"

"बाथरूममध्ये. दिवसातून चार वेळा. सवय आहे मला."

एवढं म्हणून ती गेली. बाहेरून आई हाका मारत होती.

मी तिथंच बसून राहिले. तिच्या घरी गाडी, एसी, दंडावर चकती. माझ्याकडं पदराला पुसलेली सुई. आणि दोघींची जागा एकच. ती लहानपणी लाडानं वाढली तरी तिथंच पोचली, मी मोठेपणी शिव्या खाऊन तिथंच पोचले. म्हणजे वयाचा प्रश्न नव्हता. पोरगी आहे तोवर दया, बाई झाली की दार लावून घे. आपणच दार लावतो म्हणून ते लागतं. मी पाच महिने पायानं दार दाबून धरलं होतं. माझ्याच पायानं.

बस्ता मोडला नाही, हेही सांगून टाकते. शेवटची गाठ दुसऱ्या बाईनं मारली. पाटलांनी सगळं घेतलं आणि गेले. आकाश कोसळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनी मला गल्ल्यापाशी बोलावलं. आवाज नरम होता. तो नरम आवाज मला जास्त टोचला.

"पाटलीणबाईंचा फोन आला होता. लई नाराज हायेत. आपण त्यांना फोन लावू. तू म्हण, उपास होता, भोवळ आली. उपासाचं कुणी वाईट धरत नाय. विषय खतम. तुझी नोकरी चालू."

उपास. चार महिने मी खरंच उपाशी होते तेव्हा कुणी हात जोडले नव्हते. आता खोटा उपास सांगितला की मी सोज्वळ बाई होणार होते. एक शब्द. किती सोपं होतं. घरी पोरीची शाळा, नवऱ्याची कंपनी कधी चालू कधी बंद. हो म्हणायचा विचार मनात आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल.

शेठ नंबर लावायला लागले.

"उपास नव्हता," मी म्हणाले.

"अगं, म्हणायला काय जातंय?"

"उपास नव्हता शेठ. मला टाईप वन हाय. मरेस्तोवर राहणार हाय. आजपासून दीड वाजता मी गादीच्या कडंला बसून सुई घेणार आन लगेच जेवणार. बस्ता असला तरी. साखरेची पुडी माझ्या कमरेला राहणार. संडासात जाणार नाय."

"मग उद्यापासून येऊ नको."

पाय लटपटले. साखरेनं नाही, भीतीनं. दोन्हींतला फरक आता मला चांगला कळतो. मी गल्ल्यावरचं बिलबुक उघडलं, एक कोरा कागद फाडला आणि त्यांच्या पुढं ठेवला.

"लिहून द्या. का काढलं ते लिहा. सुई घेती म्हणून, का दुपारी जेवती म्हणून. खाली सही करा."

शेठ कागदाकडं बघत राहिले. दुकानातल्या सगळ्या बाया घड्या घालायच्या थांबल्या होत्या.

मी पेन पुढं धरलं. त्यांनी घेतलं नाही. मी हात मागं घेतला नाही.